पंधरा मात्रांची ओळ

वेळणेश्वरच्या भिकाजी नाटेकरांनी अठ्ठावीस वर्षं मालाच्या बोटींवर स्वयंपाक केला. चाळीस माणसांची कणीक मळली, समुद्र खवळलेला असताना उकळत्या डाळीचं पातेलं पोटाशी धरून उभे राहिले, परदेशी कप्तानांना कुळथाची पिठी खायला लावली. पण गावात त्यांचं नाव निघतं ते यातल्या कशावरून नाही. ते निघतं गाण्यावरून. कुणाच्या घरची हळद असो की शिमग्यात पालखीची वाट बघत बसलेली मंडळी असोत, कोणीतरी म्हणतंच, "भिकूदादा, बालदी होऊन जाऊ द्या."

मग भिकाजी दोनदा नाही म्हणतात. तिसऱ्यांदा टोपी मागे सरकवून मांडीवर थाप मारतात आणि सुरू करतात:

बोट निघाली मुंबईहून,
भात निघाला पोटामधून,
एक जण मग म्हणतो हळूच,
आण बालदी, आण बालदी.

शेवटची ओळ सगळ्यांनी मिळून म्हणायची, असा रिवाज. पोरंसोरं तर पहिल्या तीन ओळी कशाबशा सोसतात नि चौथीला आरडतात. बोट लागणाऱ्या खलाशाचं गाणं ते. आता गावातली बरीचशी माणसं मुंबईत नोकरीला, बोटीवर जाणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पण बोट लागणं म्हणजे काय ते ज्यांनी कधी अनुभवलं नाही, तेही पोट धरून हसतात.

भिकाजी आता बहात्तर वर्षांचे. घराणं दर्यावर्दी. आजा गलबतावर होता, बाप मोठ्या बोटीवर सुकाणी. नाटेकरांचं मूल रांगायच्या आधी वल्हं धरतं, असं लोक म्हणत आणि नाटेकर ते खरं मानून चालत. भिकाजींचा मुलगा निलेशही बोटीवरच, फिटर म्हणून. वर्षातले आठ महिने तो पाण्यावर असतो. घरी भिकाजी, त्यांची बायको आनंदीबाई आणि सून श्रद्धा.

श्रद्धा दापोलीची. बारावी झाली तशी लग्न करून आली, गावच्या अंगणवाडीत लागली, आणि मग पस्तिशीत कधीतरी तिच्या डोक्यात शिक्षणाने पुन्हा उचल खाल्ली. बाहेरून बी.ए. झाली. आता मराठीत एम.ए. करत होती. त्यातल्या एका पेपराला निबंध लिहायचा होता: आपल्या भागातली, कुठेही न छापलेली एक कविता घ्या, तिचं वृत्त, यमक आणि पुनरावृत्ती यांचा अभ्यास करा. बरोबरच्या बायकांनी जात्यावरच्या ओव्या घेतल्या. श्रद्धा म्हणाली, माझ्या घरातच गाणं आहे.

माघातली दुपार होती. आनंदीबाई पडवीत पावट्याच्या शेंगा सोलत होत्या आणि श्रद्धा वही घेऊन सासऱ्यांसमोर बसली होती.

"माज्या गाण्याचा अभ्यास?" भिकाजी म्हणाले. "त्यात काय अभ्यासायचं हाय गो? ओकारीचं गाणं ता."

"मामा, तुम्ही नुसतं म्हणा. मी मोजते."

सासऱ्यांना ती मामा म्हणे. भिकाजींनी म्हटलं, तिने लिहून घेतलं. मग पेन्सिलीने प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर खुणा करायला लागली. भिकाजी चष्मा लावून वाकले.

"हे बघा. बोट. बो लांब, त्याच्या दोन मात्रा. ट आखूड, त्याची एक. बोट निघाली, झाल्या आठ. मुंबईहून, आणखी आठ. सोळा. आता खालची. भात निघाला, आठ. पोटामधून, आठ. पुन्हा सोळा."

"बराबर निघाल्या?"

"काटेकोर. तुम्ही मोजून केलं होतंत?"

"मी कुठला मोजतोय. तोंडात बसलं तसं ठेवलं."

"ह्या वृत्ताला नाव आहे. पादाकुलक."

आनंदीबाईंच्या हातातली शेंग खाली पडली. "काय म्हणालीस?"

"पादाकुलक. पाद म्हणजे चरण, सासूबाई."

"चरण कसला," आनंदीबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "गाणं ओकारीचं, नि नाव असलं. शोभतं हो एकमेकांना."

भिकाजीही हसले. पण आत कुठेतरी त्यांना फार बरं वाटलं. एवढी वर्षं आपण वात्रटपणा म्हणून जे मिरवलं त्याला शास्त्रात नाव आहे, विद्वानांनी त्याची मोजदाद ठरवून ठेवली आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी पुढचं कडवं जरा घसा खाकरून, मानाने म्हटलं:

एडन आले, वारा सुटला,
पोटामधला मासा उठला...

"इथे यमक थोडं चुकलंय," श्रद्धा म्हणाली. "सुटला आणि उठला. एकीकडे ट आहे, दुसरीकडे ठ."

"बाय माजे, माणूस बालदीत तोंड घालून बसलाय. तो ट बघील का ठ बघील?"

श्रद्धाने हसत हसत तेही वहीत टिपून घेतलं. मग शेवटच्या ओळीवर आली. तीच ती ओळ चार कडव्यांत चारदा येते, तरी दरवेळी जास्त हसू का येतं, हा तिला पडलेला प्रश्न. तिने स्वतःच उत्तर शोधलं होतं. म्हणाली, "ऐकणाऱ्याला आधीच कळतं, आता बालदी येणार. म्हणून तो आधीपासून हसायला लागतो. आणि शब्द तेच असले तरी अर्थ हलतो. तिसऱ्या कडव्यात सारंग येतो बघा."

खलाशांचा मुकादम तो सारंग. ते कडवं भिकाजींचं स्वतःचं आवडतं:

सारंग पुसे, काय जेवला?
म्हणतो, मी तर परत ठेवला...

"आणि त्यानंतर पुन्हा आण बालदी. आता ती बालदी जेवण परत ठेवायची जागा झाली. ओळ तीच, पण बालदी निराळी."

भिकाजी तिच्याकडे बघत राहिले. हे त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं, पण ऐकल्यावर आपणच योजून केलं होतं असं वाटायला लागलं.

"एकच ओळ जमत नाही, मामा," श्रद्धा म्हणाली. "एक जण मग म्हणतो हळूच. दुसरा भाग आठ आहे. पण एक जण मग, याच्या सातच होतात. पंधरा मात्रांची ओळ. चारही कडव्यांत तीच, आणि दरवेळी पंधराच."

"मी ओढतो ना तिथं. एऽक जण."

"ओढता, म्हणून तर कळलं. ज्याला मुंबईहूनला पोटामधून सापडलं, तो एकाच ओळीत चार वेळा लंगडणार नाही. इथे आधी दुसरा शब्द असणार. सहा मात्रांचा. एक जण नंतर आलं."

ती काही पकडायला बसली नव्हती. हिशेब सुटला म्हणून खुशीत बोलत होती. पण भिकाजींनी चष्मा काढून ठेवला.

"हरिश्चंद्र," आनंदीबाई मान वर न करता म्हणाल्या.

श्रद्धाने बोटांवर मोजलं. ह एक, रि जोडाक्षराआधीची म्हणून दोन, श्चं दोन, द्र एक. सहा. तिने वर पाहिलं तर सासरे कोयता घेऊन मागच्या वाडीत निघाले होते. तोडायचं तिथे काही नव्हतं.

भिकाजी विहिरीच्या काठावर बसले. शहात्तर साली ते पहिल्यांदा मोठ्या बोटीवर चढले. मुंबईत गाववाल्यांच्या खाणावळीत दोन वर्षं हात भाजून घेतल्यावर बापाच्या ओळखीने दुय्यम कूक म्हणून लागले होते. हाताखाली भांडी घासायला, पीठ मळायला दिलेला गडी सावर्ड्याचा, हरिश्चंद्र घाग. बावीस वर्षांचा, नांगरामागे वाढलेला. मुंबईला येईपर्यंत त्याने समुद्र पाहिलेला नव्हता. अख्खी बोट त्याची थट्टा करायची. हा डोंगरातला माणूस काय टिकणार पाण्यावर, दीपस्तंभ मागे पडला की बघा गंमत.

दीपस्तंभ मागे पडला, आणि आडवे झाले ते भिकाजी. नाटेकरांचा मुलगा, सुकाण्याचा पोर. पिठाच्या पोत्यांवर पडून गुडघ्यांत बालदी धरलेली, डोळ्यांसमोर भिंती वरखाली होताहेत. हरिश्चंद्राला काही झालं नाही. तो डुलत्या बोटीवर शेताच्या बांधावर चालावं तसा चालायचा. पहाटे उठून चाळीस माणसांची कणीक एकट्याने मळायचा. दोन्ही मुठींनी आठ थापा, गोळा उलटायचा, पुन्हा आठ थापा. थोरला कूक फार कडक. बोट लागणारा माणूस त्याला गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, चालत नसे, एडनला उतरवून परत पाठवला असता आणि पुन्हा कुणी घेतला नसता. तो दारात येऊन ओरडला, "कुणाची घाण ही?" तेव्हा हरिश्चंद्र पुढे झाला. "माझी, साहेब. मला सवय नाही." थोरला कूक दोन शिव्या देऊन गेला. घाटाखालच्या शेतकऱ्याकडून त्याची दुसरी अपेक्षाच नव्हती.

एकोणीस दिवस हे चाललं. सुएझ ओलांडल्यावर पोट जरा थाऱ्यावर आलं. अंगात जीव आल्याचा आनंदच असा होता की भिकाजींच्या तोंडून गाणं निघालं, आणि ते निघालं हरिश्चंद्राच्या थापांच्या चालीवर. आठ नि आठ. संध्याकाळी डेकवर म्हटलं तर खलाशी लोळले. ज्या माणसाने आपली घाण स्वतःच्या नावावर घेतली, त्याचंच नाव गाण्यात घालून भिकाजी मोकळे झाले. हरिश्चंद्रही त्या दिवशी हसला होता. भिकाजींनी ते हसू पुष्कळ वर्षं पुरवून पुरवून वापरलं. त्याला काही वाटलं नाही, तो हसलाच की.

गाणं एका बोटीवरून दुसऱ्या बोटीवर गेलं, मुंबईतल्या गाववाल्यांच्या खोल्यांत गेलं. अठ्ठ्याहत्तरच्या मे महिन्यात हरिश्चंद्राचं सावर्ड्याला लग्न होतं. किनाऱ्यावरचे आठ जण गेले, त्यात भिकाजी. वरातीत कोणीतरी सुरुवात केली नि सगळे गायला लागले: हरिश्चंद्र मग म्हणतो हळूच. नवरीचे भाऊ हसले, वाजंत्री हसले. मुंडावळ्यांच्या आडून हरिश्चंद्राने एकदाच भिकाजींकडे पाहिलं. भिकाजी टाळ्यांनी ठेका धरत होते. हात थांबवता आले असते. थांबवले नाहीत.

त्यानंतर हरिश्चंद्र बोटीवर आला नाही. वर्षभराने भिकाजींनी गाण्यातून त्याचं नाव काढलं आणि एक जण घातलं. बसत नव्हतं. ओढून बसवलं.

श्रद्धाने पुन्हा विषय काढला नाही. आठवडा गेला. एक दिवस ती अंगणवाडीत गेलेली असताना भिकाजींनी तिची वही उघडून पाहिली. निबंध सुंदर अक्षरात उतरवला होता. प्रत्येक कडव्यात तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीला तिने एक जण लिहिलं नव्हतं. हरिश्चंद्रही लिहिलं नव्हतं. सहा टिंबं देऊन जागा मोकळी ठेवली होती. चार कडवी, चोवीस टिंबं. भिकाजींना ती टिंबं बघवेनात.

संध्याकाळी जेवताना ते म्हणाले, "श्रद्धा, रविवारी सावर्ड्याला जावया. माणूस असला तर भेटेल."

आनंदीबाईंनी काही न विचारता सोड्यांची पिशवी बांधून दिली. वाळवलेली कोलंबी, निवडक. "रिकाम्या हातानं जाऊ नका," एवढंच बोलल्या.

शृंगारतळीवरून चिपळूण, चिपळूणला गाडी बदलून सावर्डे. हमरस्ता इतका रुंद झाला होता की भिकाजींना काही ओळखूच येईना. दुकानं मागे सरली होती, झाडं गेली होती. एका रिक्षावाल्याला घागांचं घर विचारलं तर तो म्हणाला, "घर कशाला, खाणावळीतच जा. ती काय पाटी."

खाणावळ स्वच्छ होती. गल्ल्यापाशी चाळिशीतली एक बाई चपात्यांचं पीठ तिंबत होती आणि तोंडाने वाढणाऱ्या बाईला सूचना देत होती. तिने विचारलं, "दोन थाळ्या?"

"हरिश्चंद्र घागांकडे आलोय," भिकाजी म्हणाले.

"मी त्यांची मुलगी, राही. बाबा आत आहेत. कोण आलंय सांगू?"

"भिकाजी नाटेकर. वेळणेश्वर."

राहीचे हात पिठातच थांबले. तिने भिकाजींना टोपीपासून चपलांपर्यंत बघून घेतलं. मग तिच्या चेहऱ्यावर असं काही हसू फुटलं की ते दाबायला तिला मान फिरवावी लागली.

"म्हणजे बालदीवाले भिकाजी?"

"तुला ठाऊक हाय गाणं?"

"आम्ही तिघी बहिणी त्याच्यावरच वाढलो. बाबा झोपवताना म्हणायचे. मी माझ्या मुलाला म्हटलं." आणि तिने सहज, पीठ मळता मळता म्हणून दाखवलं:

बोट निघाली मुंबईहून,
भात निघाला पोटामधून,
भिकाजीच मग म्हणतो हळूच,
आण बालदी, आण बालदी.

भिकाजी उभे होते तिथेच बाकावर बसले. श्रद्धाची बोटं मात्र हलायला लागली होती. भि एक, का दोन, जी दोन, च एक. "मामा," ती हळूच म्हणाली, "सहा."

तेवढ्यात आतल्या दारातून काठी टेकत हरिश्चंद्र आला. अंगाने वाळला होता, गुडघे गेले होते, पण खांदे तेच. शेहेचाळीस वर्षांनंतर काय बोलायचं ते भिकाजींनी गाडीत घोकलं होतं. तेच म्हणायला ते उठून उभे राहिले.

"जेवलास?" हरिश्चंद्राने विचारलं.

"नाय."

"मग आधी जेव."

जेवण झालं. भात, कुळथाची पिठी, बटाट्याची भाजी. पिठी भिकाजींच्याच हातची असावी तशी होती. लसूण शेवटी, वरून. हरिश्चंद्र म्हणाला, "तुझ्याकडूनच शिकलो. पडल्या पडल्या सांगायचास, आता हे घाल, आता ते घाल."

इथे भिकाजींना धीर आला. ताट बाजूला सारून ते सून नि राही दोघींकडे वळले. "गाण्यात काय म्हणतात ता सोडा. खरं काय ता सांगतो. बोट मला लागली व्हती. एकोणीस दिस. हा माजी बालदी उपसायचा, माजी कणीक मळायचा, आणि थोरल्या कुकाला सांगायचा की मीच ओकलो. माजी नोकरी ह्याच्यामुळं राहिली. नि मी ह्याचंच नाव गाण्यात घातलं. त्याच्या लग्नात ठेका धरला."

राही शांतपणे म्हणाली, "आम्हांला ठाऊक आहे, काका."

श्रद्धाला ठाऊक नव्हतं. ती सासऱ्यांकडे बघत होती, आणि भिकाजींना तिच्या नजरेला नजर देणं जड जात होतं. तरी त्यांनी दिली.

"त्या गाण्यापायी तू बोट सोडलीस," ते हरिश्चंद्राला म्हणाले.

"कोण म्हणालं? त्याच पावसाळ्यात बाप गेला. जमीन कोण कसणार? पाठच्या दोन बहिणी लग्नाच्या. म्हणून सोडली."

भिकाजींच्या छातीवरचं ओझं खाली येतंय न येतंय तोच हरिश्चंद्र पुढे म्हणाला, "पण राग होता. खोटं कशाला बोलू. पाचसहा वर्षं होता. गाण्याचा नाही, गाणं झकास होतं. तू टाळ्या वाजवल्यास त्याचा. मी तिथं एक शब्द बोललो असतो तर खरं काय ते आठही जणांना कळलं असतं. पण तुझा बाप तुझ्याशेजारी उभा होता. सुकाण्यासमोर पोराची काय अब्रू काढायची."

बाप त्या लग्नाला आला होता, हे भिकाजी साफ विसरले होते. आता आठवलं. पांढरा सदरा घातलेला बाप, तोही हसत होता.

"मग राग गेला कसा?"

"ही झाली," हरिश्चंद्राने राहीकडे बोट केलं. "रडकी पोर. काही केल्या झोपेना. एकदा सहज ते गाणं म्हटलं नि झोपली. आता पोरीसमोर बापाच्या नावाने ओकारी कशी म्हणायची? तुझं नाव घातलं. भिकाजी मग म्हणतो हळूच. तर बसेना. ठेचकळायला होई, नि पोर जागी व्हायची. दोन दिवस मी नांगराबरोबर चालता चालता तेच म्हणत होतो. तिसऱ्या दिवशी च लावला. भिकाजीच. एकदम बसलं. वर खरंही झालं."

सगळेच हसले. भिकाजींनाही हसू आलं, आणि हसता हसता डोळे पुसायला टोपी काढावी लागली. आपण एका मात्रेसाठी जन्मभर शब्द ओढत बसलो, आणि ज्या माणसाने कधी एक इयत्ता पुरी केली नाही, त्याने एका अक्षरात काम केलं.

श्रद्धाने वही काढली. "आता मी निबंधात कोणतं नाव लिहू?"

"भिकाजीच," भिकाजी म्हणाले.

"हरिश्चंद्र," हरिश्चंद्र म्हणाला. "मूळचं तेच. आणि त्याला काही चिकटवावं लागत नाही."

दोघांची थोडी वादावादी झाली. बऱ्याच वर्षांनी भांडायला मिळाल्याचं सुख दोघांच्याही तोंडावर दिसत होतं. शेवटी श्रद्धाने तोडगा काढला. दोन्ही पाठ द्यायचे, समोरासमोर, एक वेळणेश्वरचा नि एक सावर्ड्याचा. खाली दोघांची नावं. शेवटचं कडवं मात्र दोघांनी मिळून म्हटलं, कारण राहीला ते अर्धंच येत होतं:

बोट लागली धक्क्यावरती,
जमीन डुलते खालीवरती...

तिसऱ्या ओळीला एकाने एक नाव घेतलं, दुसऱ्याने दुसरं. शेजारच्या टेबलावरचे दोन ट्रकवाले जेवायचे थांबून बघत राहिले.

परतीच्या गाडीत श्रद्धा वही चाळत बसली. चिपळूण आल्यावर तिने विचारलं, "मामा, नंतर कधीच त्रास झाला नाही?"

"दर खेपेला पहिले तीन दिस. अठ्ठावीस वर्षं. खिशात सुंठ ठेवायचो."

घरी आल्यावर त्यांनी आनंदीबाईंनाही सगळं सांगितलं. त्या चहाचं आधण ठेवत होत्या. म्हणाल्या, "मला ठाऊक व्हतं. लग्नानंतर दाभोळची खाडी उतरलो होडीतून, तेव्हाच तोंड बघितलं व्हतं तुमचं. हिरवं झालं व्हतं."

"मगे बोलली नाय कधी?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत व्हते." त्यांनी चहाचा डबा उघडला. "बरीच वर्षं लावलीत."

निलेशचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. बोट सिंगापूरच्या बाहेर नांगरून होती, आवाज स्पष्ट येत होता. श्रद्धाने फोन सासऱ्यांकडे दिला आणि भिकाजींनी एका दमात मुलाला सांगून टाकलं. बापाला बोट लागायची. गाणं खोटं होतं. आता दोनदा सांगून झाल्यामुळे तिसऱ्यांदा सोपं गेलं.

पलीकडे निलेशने केबिनचं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"बाबा," निलेश म्हणाला, "मला पण."

"काय तुला पण?"

"पहिल्या बोटीवर. दोन आठवडे उठता येत नव्हतं. मी घरी कधी बोललो नाही. तुमचं गाणं सगळ्या गावाला माहीत. भिकाजी नाटेकरांच्या मुलालाच बोट लागते, हे कसं सांगणार?"

भिकाजी पडवीच्या खांबाला धरून उभे राहिले. समोर माडांच्या पलीकडे पाणी शांत होतं. आपल्या एका गमतीने दोन माणसांचं तोंड बंद केलं, त्यातला एक आपलाच मुलगा, हे त्यांच्या आत्ता ध्यानात येत होतं.

"मगे तुला सांभाळलान कोणी?" त्यांनी विचारलं.

"इंजिनात तेलपाणी बघणारा एक ऑइलर होता. केरळचा, थॉमस नावाचा. माझी ड्यूटी तोच करायचा."

"आता कुठं असतो?"

"गावी असेल. बोट सोडली त्याने. नंबर आहे कुठेतरी."

"फोन करतोस काय त्याला?"

"नाही, बाबा. राहूनच गेलं."

"मग असं कर," भिकाजी म्हणाले. "हा फोन ठेव नि आधी तो नंबर शोध. माज्याशी उद्या बोललास तरी चालेल."